शहाऐंशी-बत्तीसचं माहेर

आमच्या हातकणंगले तालुक्यात उसाला नावानं कुणी ओळखत नाही, नंबरानं ओळखतात. "औंदा काय लावलंय?" असं बांधावरून कुणी विचारलं की उत्तर येतं, "शहाऐंशी-बत्तीस", नाहीतर "दोनशे पासष्ट". त्याच्याही आधी आमच्या आप्पांच्या रानात सहाशे एकाहत्तर होता. सरकारी कागदावर शहाऐंशी-बत्तीसला 'को ८६०३२' म्हणतात. आपल्याकडं त्याची शिफारस 'नीरा' या नावानं झाली, पण नीरा म्हणताना मी एकाही शेतकऱ्याला ऐकलेलं नाही. आणि त्या 'को'कडं तर कुणाचं लक्षच जात नाही. को म्हणजे कोइमतूर. १९१२ साली तिथं ऊस पैदास संस्था उभी राहिली आणि तिथं जन्मलेल्या प्रत्येक वाणाच्या नावाआधी त्या गावाचं नाव लागलं. पंचगंगा आणि वारणा यांच्यामधल्या काळ्या रानात जो ऊस पिढ्यान्‌पिढ्या आपलाच असल्यासारखा उभा आहे, त्याचं माहेर तमिळनाडूत आहे.

कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातून पदवी झाली, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची परीक्षा दिली आणि एम.एस्सी.ला कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठात जागा मिळाली. आपल्या भागातली शेतकऱ्यांची किती तरी पोरं अशी लुधियाना, पंतनगर, बनारस, दिल्ली, हैदराबाद इकडं जातात. परीक्षेची तयारी सगळे करून घेतात. तिथं गेल्यावर पहिले काही महिने कसे जातात, हे मात्र कुणी सांगत नाही. आज्जीनं तेवढं विचारलं होतं, "तिकडं भाकरी मिळती काय गं?" मिरजेहून बेंगळुरू, तिथून सेलम, इरोड करत गाडी कोइमतूरला पोचेपर्यंत तो प्रश्न माझ्या डोक्यात होता.

पण पहिला धक्का भाकरीनं दिला नाही, आभाळानं दिला. आमच्याकडं दसरा आला की पाऊस आवरतं घेतो. शाळू पेरायचा असतो, कारखान्याच्या हंगामाची बोलणी सुरू होतात, हवा कोरडी होत जाते. कोइमतूरला नेमका तेव्हा पाऊस सुरू होतो, ईशान्येकडून येणारा, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. आणि जूनमध्ये, जेव्हा घरून फोनवर आई सांगत असते की पाऊस लागून राहिलाय, पंचगंगेचं पाणी चढायला लागलंय, तेव्हा इथं कोरडा वारा सोसाट्यानं वाहत असतो. सह्याद्रीच्या रांगेत पालघाटची खिंड आहे, त्यातून तो येतो. पाऊस मात्र डोंगरापलीकडं केरळात पडून जातो. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाचं वर्ष अंगात मुरलेलं असतं. कुठल्या महिन्यात कुठला वास, हे ठरलेलं असतं. ते सगळं उलटं झालं की माणूस आतून हलतो. भाषा शिकता येते, जेवण अंगवळणी पडतं. पण नोव्हेंबरात बेडूक ओरडायला लागले की झोप येत नाही ती येतच नाही.

भाषेचं तर विचारायलाच नको. हिंदी येते म्हणून धीर होता, तो स्टेशनाबाहेर संपला. वर्गातलं इंग्रजीत चाललं, बाकी सगळं तमिळमध्ये. त्यात कोइमतूरची, म्हणजे त्या कोंगू भागाची तमिळ अतिशय अदबीची. रिक्षावाला असो की भाजीवाली, बोलण्यात सतत आदराचा प्रत्यय. आणि आमचं कोल्हापुरी बोलणं! मी रोज रात्री घरी फोन करायची. सेलमकडची माझ्या खोलीतली मैत्रीण काही दिवस गप्प राहिली आणि मग एकदा काळजीनं जवळ येऊन बसली. "घरी काही भांडण झालंय का?" मी आईला एवढंच सांगत होते की आज सांबार बरं होतं. आमच्याकडं प्रेमही मोठ्या आवाजात करतात, हे तिला समजावताना मला रडू आलं, आणि मग आम्ही दोघी बराच वेळ हसत बसलो. त्या दिवसापासून ती रोज मला विचारायची, "साप्टिंगळा?" जेवलीस का? आई फोनवर पहिल्यांदा हेच विचारायची.

जेवणाचं सांगते. भात, सांबार, मग पुन्हा भात, रस्सम, शेवटी पुन्हा भात आणि ताक. चव चांगलीच असते; पण भाकरीवर वाढलेल्या पोटाला रात्री दहा वाजता पुन्हा भूक लागते. आईनं कांदा-लसणाची चटणी बरणीभर दिली होती. मी ती सुरुवातीला लपवूनच खायची, दहीभातावर चिमूटभर. एका रविवारी मैत्रिणीनं तिच्या घरून आलेली इडलीची कोरडी चटणी काढली, तिला ते पोडी म्हणतात, आणि तिळाच्या तेलात कालवायला घेतली. मी माझी बरणी पुढं सरकवली. आम्ही ती शेंगतेलात कालवतो, तिनं तिळाच्या तेलात कालवली. लाल तेल इडलीत मुरलं, तिनं एक घास घेतला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिनं दुसरी इडली उचलली. पुढच्या सुट्टीत तिच्या आईनं माझ्या आईसाठी पोडीचा डबा पाठवला. आमच्या घरी ती भाकरीवर तेल टाकून संपली.

कोइमतूर गावात राजा स्ट्रीटच्या बाजूला सराफांच्या पेढ्या आहेत. तिथल्या एका अरुंद बोळात एका दुकानाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांची तसबीर दिसली. आत भट्टी, मुशी, तेजाबाचा उग्र वास. विटा-खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं कित्येक दशकं देशभर हा गलाईचा धंदा करतायत, जुनं सोनं गाळून शुद्ध करायचा. मी मराठीत बोलल्याबरोबर त्या काकांनी आत हाक मारली, "अगं चहा टाक, हातकणंगल्याची पोरगी आलीया." ते पोरवयात आले होते, भावकीतल्या एकाच्या हाताखाली. ना शाळा, ना वसतिगृह, ना शिष्यवृत्ती. तमिळ वाचायला शिकले ते सिनेमाच्या पोस्टरवरून. नटाचा चेहरा ओळखीचा, मग खालचं नाव काय असणार ते अक्षर अक्षर जुळवायचं. विद्यापीठात जाणाऱ्या पोरांच्या एकटेपणाबद्दल आता निदान बोललं तरी जातं. पोटासाठी गेलेल्या या माणसांचं एकटेपण कुणी लिहून ठेवलेलं नाही. मी पुढं बसच्या पाट्यांवरून तमिळ अक्षरं गिरवली ती त्यांचंच बघून.

डिसेंबरच्या सुमारास आम्हाला ऊस पैदास संस्थेत नेलं. तिथं मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. रानभर तुरे. आमच्याकडं उसाला तुरा आला की शेतकऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. वाढ थांबते, तोड मिळायला उशीर झाला तर ऊस आतून पोकळ पडतो, वजन घटतं. तुऱ्याचं रान बघून आप्पा घरी येऊन न बोलता जेवायचे. आणि इथं शास्त्रज्ञ वर्षभर त्या तुऱ्याची वाट बघत बसतात. कारण उसाचं खरं बी तुऱ्यात असतं. कोइमतूरला ऊस भरपूर फुलतो, बी धरतो, म्हणून तर ही संस्था इथं झाली. देशभरातल्या संशोधन केंद्रांतली माणसं, आपल्या पाडेगावचीसुद्धा, इथल्या राष्ट्रीय संकर बागेत येऊन संकर करतात. एका उसाच्या तुऱ्यावर दुसऱ्याचे परागकण पडतील अशी बांधणी करायची, वर आच्छादन घालायचं, बी पिकलं की अलगद काढायचं. आम्हाला दाखवणाऱ्या बाईंनी माझ्या तळहातावर ते बी ठेवलं. पांढरट केसाळ धाग्यांत अडकलेला दाणा, बोटानं चाचपला तरी हाताला लागू नये इतका बारीक. असे हजारो दाणे रुजवायचे, रोपं लावायची, निवडायची, टाकायची, आणि दहा-बारा वर्षांहून जास्त काळ गेल्यावर त्यातलं एखादं वाण शेतापर्यंत पोचतं. शहाऐंशी-बत्तीसचे आईबाप म्हणजे को ६२१९८ आणि कोसी ६७१. सहाशे एकाहत्तर! आप्पांच्या रानातला जुना ऊस नव्या उसाचा जन्मदाता निघाला. मी तिथूनच फोन लावला. आप्पा थोडं थांबून म्हणाले, "म्हंजे घरातलंच हाय की."

याच संस्थेत १९३० च्या दशकात जानकी अम्माळ काम करत होत्या. केरळातल्या तलश्शेरीच्या, मद्रासला शिकलेल्या, आणि तिथून थेट अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात गेलेल्या. १९३१ साली त्यांना तिथं डॉक्टरेट मिळाली. त्या काळात एकट्या बाईनं तेवढ्या लांब, तेवढ्या थंडीत जाऊन राहायचं, आणि परत येऊन उसाच्या पेशींतली गुणसूत्रं मोजत बसायचं. मिरजेहून रेल्वेनं आलेल्या मला त्यांच्या त्या प्रवासाचा मोठा आधार वाटायचा.

आता ज्या गोष्टीनं मला सगळ्यात जास्त हलवलं ती सांगते. तिथं माझं आडनाव कुणी विचारलं नाही. हजेरीत सगळ्यांची नावं म्हणजे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आणि स्वतःचं नाव, बस्स. माझ्या प्रमाणपत्रावरचे तीन शब्द बघून यातलं नाव कुठलं असं मला विचारलं गेलं. आणि मग मीही एक आद्याक्षर आणि एक नाव झाले. कोइमतूरच्या अलीकडं गाडी थांबते ते इरोड पेरियार रामसामींचं गाव. १९२९ साली चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेत नावामागची जात काढून टाकायचा ठराव झाला आणि तमिळनाडूनं तो बऱ्याच अंशी पाळला. तिथून जात गेली असं नाही. खेड्यातल्या वस्त्या वेगळ्या आहेत, जातीबाहेर लग्न केलेल्यांचे जीव गेलेत, आणि ते मी तिथल्या वर्तमानपत्रांत वाचलंय. पण वर्गात बाकावर शेजारी बसलेल्या मुलीची जात तिच्या नावावरून कळत नाही, या साध्या गोष्टीनं किती मोकळं वाटतं ते अनुभवल्याशिवाय समजायचं नाही.

पहिल्या सुट्टीत घरी आले. हातकणंगल्याच्या स्टँडवर एक मावशी शेजारी बसल्या, प्रेमानं चौकशी केली. गाव कुठलं, कुणाची, आणि मग, "आडनाव काय गं?" जन्मभर ऐकलेला प्रश्न. त्या दिवशी तो मला पहिल्यांदाच ऐकू आला.

मग मला माणगाव आठवलं. आमच्याच तालुक्यातलं गाव. २१ आणि २२ मार्च १९२० ला तिथं अस्पृश्यांची परिषद झाली, अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर, आणि राजर्षी शाहू महाराज स्वतः हजर होते. त्याआधी १९१३ साली आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले होते, पुढं लंडनला. त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. १९१७ साली ते नोकरीसाठी बडोद्याला उतरले आणि राहायला जागा कुठं मिळणार या प्रश्नानं ती सगळी परत आली. पारशी खाणावळीत नाव बदलून राहावं लागलं आणि तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. परमुलखातल्या धक्क्यांवर माणूस हळूहळू मात करतो, कारण ते आपले नसतात. आपल्या गावात परत आल्यावर बसलेला धक्का जन्मभर पुरतो. बडोद्यानंतर तीनच वर्षांत तो माणूस माणगावात उभा राहिला. शाळेत आम्हाला परिषदेची तारीख पाठ करायला लावली होती. तो तिथवर कुठून, काय सोसून आला होता, ते मला कोइमतूरहून परत आल्यावर उमगलं.

आता बाहेरच्या राज्यांतली पोरं आपल्या तालुक्यात शिकायला येतात. अतिग्र्याला विद्यापीठ आहे, तळसंद्याला आहे. इचलकरंजीच्या मागांवर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची माणसं किती तरी वर्षं राबतायत. त्यांना आपल्या पावसाचा अंदाज नसतो, आपला आवाज त्यांना भांडणासारखा वाटतो, आणि मिसळीचा पहिला घास घेतल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं ते सगळंच तिखटाचं नसतं. हातकणंगल्यातल्या, पेठवडगावातल्या, रुकडीतल्या घरमालकांना माझं हात जोडून सांगणं आहे. खोली भाड्यानं देताना त्या पोराचं आधारकार्ड बघा, भाडं ठरवा, पाण्याची वेळ सांगा. जात विचारू नका. आणि संध्याकाळी तो दारातून आत येताना दिसला तर जेवलास काय, एवढं मात्र विचारा.