उसनें इंजिन

गेल्या वर्षीं श्रावणांतल्या एका रविवारीं सकाळीं आमच्या माडीवर चार प्रौढ गृहस्थ गुडघे टेकून बसले होते. एक बँकेंतून निवृत्त झालेले, दुसरे चित्रकलेचे शिक्षक, तिसरे औषधांच्या दुकानाचे मालक आणि चौथा मी. पांचवा होता तो अकरावींत शिकणारा एक मुलगा. पण तो उभा होता. एखादें इंजिन टेबलाखालीं पडलें तर तें उचलायला निदान एकाची तरी कंबर शाबूत असावी, असा आमचा हिशेब होता. इतक्यांत सौ. चहा घेऊन वर आली. तिनें आमच्याकडे क्षणभर पाहिलें आणि म्हणाली, "अहो, खालीं नातवंडें अभ्यास करताहेत. तेवढा दंगा जरा कमी करा!"

आम्हां पांचांना छोट्या आगगाड्यांचा नाद आहे. नाद हा शब्द मीं मुद्दाम वापरला. छंद म्हटलें कीं त्याला प्रतिष्ठा येते, वर्तमानपत्रांत छायाचित्र येतें. नाद हा घरच्या माणसांना जसा दिसतो तसाच असतो. वास्तविक मराठी घराला हा नाद परका वाटण्याचें कारण नाहीं. दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला करून त्यावर अळीव पेरणारा, आणि तें उगवलें कीं नाहीं हें पाहायला पहांटे उठणारा मुलगा आम्हां प्रत्येकांत अजून जिवंत आहे. फरक एवढाच, कीं आमच्या किल्ल्याभोंवतीं रूळ आहेत आणि मावळ्यांऐवजीं फलाटावर हमाल उभे आहेत. पुण्याला कोथरूड भागांत बी. एस. जोशी यांनीं उभारलेलें छोट्या रेल्वेचें संग्रहालय १९९८ सालीं लोकांसाठीं खुलें झालें. तें पाहून मी परत आलों तेव्हां, एका मराठी माणसानें हा नाद एवढा थोर करून दाखविला याचा अभिमान वाटला. आणि आपल्या माडीची लांबी आठवून थोडें खिन्नही वाटलें.

कारण या खेळांत सर्वांत दुर्मिळ वस्तु म्हणजे जागा. आम्हीं धरलेलें माप सत्त्याऐंशीस एक असें आहे. या मापानें एक किलोमीटर रूळ मांडायचा तर साडेअकरा मीटर लांबी लागते. माझी माडी जेमतेम सवाचार मीटर! म्हणून आम्हीं तोड काढली. प्रत्येकानें आपल्या घरीं एकेक फळी तयार करायची, तिच्या दोन्हीं कडांना रूळ ठरलेल्या जागींच संपवायचे, आणि महिन्यांतून एकदां सर्व फळ्या कोणाच्या तरी घरीं आणून जोडायच्या. शिक्षकांच्या फळीवर दौंडजवळचा भीमेवरचा पूल आहे. औषधवाल्यांच्या फळीवर राहुरीकडचा ऊंस आहे. तो केरसुणीच्या काड्यांचा आहे, हें सांगितल्याशिवाय कळत नाहीं. जमिनीसाठीं आम्ही रंग वापरीत नाहीं. नगरची माती वस्त्रगाळ करून डिंकावर भुरभुरली कीं काम झालें. मात्र हीच माती आमची वैरीणही आहे. रुळांतून वाहणारा बारा व्होल्टचा प्रवाह चाकांतून इंजिनाला मिळतो, आणि नगरच्या उन्हाळ्यांत रुळांवर एका रात्रींत बसलेली धूळ तो प्रवाह अडविते. म्हणून खेळाचा पहिला अर्धा तास आम्ही स्पिरिटची चिंधी घेऊन रूळ पुसण्यांत घालवितों.

या जगांत आपण थोडे उपरेच आहोंत, हेंही कबूल केलें पाहिजे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीनें १९०१ सालीं मेकॅनोचें पेटंट घेतलें आणि १९२० सालीं आपल्या कारखान्यांतून खेळण्यांतल्या आगगाड्या बाहेर काढल्या. जर्मनींतल्या मेर्कलिननें तर १८९१ मध्येंच चावीच्या गाडीसाठीं रूळ विकायला मांडले होते. तेव्हांपासून या खेळाचीं मापें त्यांच्याकडच्या रुळांवरून ठरत आलीं. आमचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे. युरोपांतल्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गाशीं तें प्रमाण बरोबर जुळतें. पण आपला मोठा मार्ग १६७६ मिलिमीटरचा. त्याला या मापानें एकोणीस मिलिमीटरांहून जरा अधिक रुंदी हवी. ती बाजारांत मिळत नाहीं, म्हणून आमचीं इंजिनें अंगानें देशी आणि पायांनीं विलायती असतात. जाणकार माणूस आमच्या गाडीकडे समोरून पाहत नाहीं. बाजूनें पाहतो आणि सौजन्यानें स्तुति करतो.

पण मला सांगायचें आहे तें या मंडळींच्या एका रिवाजाविषयीं. कोणाकडेच सर्व कांहीं नसतें. एकाकडे इंजिन आहे तर डबे नाहींत, दुसऱ्याकडे डबे आहेत तर फळी नाहीं. म्हणून उसनें देणें-घेणें चालूच असतें. त्या रविवारीं आमचा अकरावीवाला विद्यार्थी आपलें काळें वाफेचें इंजिन धोतराच्या फडक्यांत गुंडाळून घेऊन आला. दोन वर्षें खाऊचे पैसे सांठवून त्यानें तें घेतलें होतें. निघतांना तें त्यानें माझ्या फळीवरच ठेवलें आणि म्हणाला, "काका, राहूं द्या आठ दिवस. तुमच्या स्टेशनांत शोभतें." एवढें बोलून तो जिना उतरून गेलाही. मीं मात्र त्या रात्रीं दोनदां उठून माडीचा दिवा लावला.

माझ्या फळीवरचें स्टेशन विसापूरचें आहे. दौंड-मनमाड मार्ग १८७८ सालीं सुरू झाला. त्यावरच्या या लहानशा स्टेशनावर माझे वडील कांहीं वर्षें स्टेशनमास्तर होते. आज त्या मार्गावर विजेच्या गाड्या धांवतात. तेव्हां रूळ एकेरी होता, आणि दोन स्टेशनांमधल्या तुकड्यांत एका वेळीं एकच गाडी असावी यासाठीं दोन्हींकडे तारेनें जोडलेलीं यंत्रें असत. एका यंत्रांतून धातूचा गोळा काढला, कीं तो पुन्हां कोणत्याही एका टोंकाच्या यंत्रांत पडेपर्यंत दुसरा गोळा निघत नसे. वेताच्या कड्याला चामड्याची पिशवी, पिशवींत तो गोळा. फलाटावरून कडें वर धरायचें आणि चालत्या इंजिनांतून ड्रायव्हरनें तें हातांत ओवून घ्यायचें. वडील आम्हां भावांना सांगत, "गोळा ज्याच्या हातीं, रूळ त्याचा. पण पुढच्या स्टेशनापर्यंतच, बरें का!"

आम्हां भावांना! माझा धाकटा भाऊ माझ्याहून चार वर्षांनीं लहान. मामांनीं मुंबईहून आमच्यासाठीं चावीचें पत्र्याचें इंजिन आणलें होतें, आणि तें दोघांचें होतें. मोठा म्हणून चावी मीं ठेवली. "तूं जास्त फिरवशील, स्प्रिंग तुटेल," असें मी त्याला सांगत असें. त्यानें तोंडानें शिटी वाजवायची, मीं चावी द्यायची, अशी आमची वांटणी होती. पुढें खरी वांटणी झाली तेव्हांही मी फारसा बदललों नव्हतों. २००१ सालीं वडील गेले. वर्षभरांत नगरच्या घरांतल्या एका भिंतीवरून आमचे शब्द झाले, आणि तो दौंडला राहायला गेला. तेव्हांपासून आमचें येणें-जाणें लग्नकार्यापुरतें उरलें. सामान नेतांना इंजिन त्याच्या पेटींत गेलें. चावी माझ्या टेबलाच्या खणांत राहिली. त्याचें इंजिन चालत नव्हतें, माझी चावी कशाला लागत नव्हती, आणि दोघेही आपापला हिस्सा नीट जपून होतों!

एका सोळा वर्षांच्या मुलानें आपली सर्वांत लाडकी वस्तु, जिन्यावरून मागें वळूनही न पाहतां, माझ्या हवालीं केली. त्या रात्रीं मला वाईट वाटलें तें इतक्या उशिरां हें दिसलें याचें. आठवड्यानें त्याचें इंजिन परत केलें आणि दुसऱ्या दिवशीं सकाळच्या गाडीनें मी दौंडला निघालों. चावी सदऱ्याच्या खिशांत होती. विसापूर आलें तेव्हां खिडकींतून पाहिलें. माझ्या फळीवरचें स्टेशन त्याच्याहून पुष्कळ नीटनेटकें होतें.

भावानें दार उघडलें. काय बोलावें हें कोणालाच सुचेना, म्हणून मीं चावी त्याच्या हातावर ठेवली. तो आंत गेला आणि कपाटावरून इंजिन घेऊन आला. हिरवा रंग बराच गेला होता. त्यानें चावी लावली. ती अर्धा वेढा फिरली आणि अडली. स्प्रिंग गंजली होती. मीं म्हटलें, "माझंच चुकलं. चावी तुला तेव्हांच द्यायला हवी होती." तो कांहीं वेळ इंजिन हातांत फिरवीत राहिला. मग म्हणाला, "दादा, तुझ्याकडे ते चित्रकलेचे मास्तर आहेत ना? त्यांना दाखव. इंजिन घेऊन जा, चावीही ने. पण मला हें परत हवंय. दिवाळीला आण."

मास्तरांनीं तें दोन दिवस रॉकेलांत बुडवून ठेवलें. आतां चावी पूर्ण फिरते. गाडी दोन हात चालते, मग कण्हते आणि थांबते. मास्तर म्हणतात, स्प्रिंग बदलली तर खोलीभर धांवेल. मीं त्यांना नको म्हटलें. ज्याचें इंजिन त्याला विचारल्याशिवाय स्प्रिंग बदलणें बरें नव्हे.

त्या दिवाळीला मी इंजिन परत केलें. भाऊबीजेला बहीणही दौंडला आली होती. जेवणें झाल्यावर आम्हीं तें ओसरीवर सोडलें. या खेपेस चावी त्यानें दिली. शिटी मीं वाजविली. निघतांना त्यानें तें पुन्हां फडक्यांत गुंडाळून माझ्या पिशवींत घातलें आणि म्हणाला, "पाडव्याला आण."