तीच जागा, तीच गाठ

पापणीवर गाठ घेऊन येणारी माणसं निदान बहुधा घरूनच करून आलेली असतात. "रांजणवाडी आहे, डॉक्टर." आणि बहुतेकदा ते बरोबरही असतं. पण साठीच्या आजी म्हणाल्या, "दोनदा काढली, परत तिथंच आली," की मी गाठीच्या आधी पापणीचे केस बघते. स्लिट लॅम्पखाली तेवढ्याच पट्ट्यातले केस झडलेले, कड जाडावलेली आणि पापणी उलटवली तर आत पिवळसर झाक! मग माझा हात गाठ खरवडण्याच्या चमच्याकडे जात नाही, बायोप्सीच्या फॉर्मकडे जातो.

हा तेलग्रंथींचा कॅन्सर, सेबेशिअस कार्सिनोमा. या ग्रंथी वरच्या पापणीत जास्त, म्हणून तो तिथंच जास्त आढळतो. पाश्चात्त्य पुस्तकांत पापणीच्या कॅन्सरपैकी सुमारे ९० टक्के बेसल सेलचे, आणि याला कोपऱ्यात जागा. आपल्या ओपीडीत तो कोपऱ्यात बसत नाही. कधी तर गाठही नसते, एकाच डोळ्याची लाली महिनोन्‌महिने हटत नाही आणि थेंबांवर थेंब चालू राहतात. म्हणून माझा आग्रह आहे की पुन्हा उगवलेली प्रत्येक गाठ पॅथॉलॉजिस्टकडे गेलीच पाहिजे. ती कचऱ्यात टाकणं मला अक्षम्य वाटतं.

पॅथॉलॉजिस्टला मी आधीच फोन करते. नेहमीच्या प्रक्रियेत अल्कोहोल पेशींतली चरबी धुऊन टाकतं. ऑइल रेड ओ रंगानं ती दाखवायची तर तुकडा ताजा पोचायला हवा. शिवाय हा आजार डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्यातून लपतछपत पसरतो, त्यामुळे तिथलेही चार-सहा ठिकाणचे कण तपासायचे.

शस्त्रक्रियेत गाठीभोवतीची जवळपास ५ मिलिमीटर निरोगी दिसणारी पापणीही जाते. कडा स्वच्छ असल्याचा फ्रोझन सेक्शनचा निरोप येईपर्यंत मी टाका घालत नाही. वरची पापणी मोठ्या भागात गेली तर १९५५ सालची कटलर-बिअर्ड पद्धत: खालच्या पापणीची कड शाबूत ठेवून तिच्याखालून पापणीच्या पूर्ण जाडीचा पदर वर ओढायचा आणि शिवायचा. त्यानंतर सहा ते आठ आठवडे डोळा बंद. दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या आजींना हे सांगायला मी पूर्ण दुपार राखून ठेवते, लेकीला आणि सुनेलाही बसवून घेते. जेवण कोण वाढणार, रात्री बाथरूमपर्यंत कोण नेणार, हे ठरल्याशिवाय मी ऑपरेशनची तारीख देत नाही.

पदर सुटून डोळा उघडला की घरच्यांना वाटतं, संपलं. मी मात्र पुढची कित्येक वर्षं दर खेपेला कानापुढे आणि जबड्याखाली बोटं फिरवून गाठी चाचपते.