ताळा

तुमच्यापैकी जे पाटीवर शिकले, त्यांना ताळा आठवत असेल. गुणाकार झाला की गुरुजी म्हणायचे, "ताळा करून दाखव." २३ ला १४ ने गुणलं, ३२२ आले. तेविसाच्या आकड्यांची बेरीज पाच, चौदाची पाच, पाचा पाचा पंचवीस, त्यांची बेरीज सात. तिकडे ३२२ चीही सातच. जमलं! मी एकदा घाईत २३२ लिहून ठेवले. ताळा तरीही जमला, आणि मी मान वर करून पाटी दाखवली. छडी खाल्ली ती अजून आठवते.

ही आठवण निघायचं कारण आईचा पाय.

गेल्या श्रावणातली गोष्ट. नारळी पौर्णिमा व्हायची होती, आमच्या धाकट्या डहाणूच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. आई ओल्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनाचा खर्च ऐकून थोरला भाऊ म्हणाला, "इंजिन विकू." होडीचं इंजिन विकणं म्हणजे तुमच्याकडे पेरणीच्या तोंडावर बैल विकण्यासारखं. तेवढ्यात शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अहो भावजी, रेशनकार्ड आहे ना? मग योजनेच्या इस्पितळात न्या."

ही योजना २०१३ पासून साऱ्या महाराष्ट्रात आहे. आधी तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी होतं, २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. केंद्राची आयुष्मान भारत २०१८ साली येऊन तिला जोडली गेली, आणि २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले. इस्पितळात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसतो. आम्हांला भेटली ती आमच्या पुतणीच्या वयाची मुलगी होती. तिने कागद घेतले, संगणकावर भरले आणि म्हणाली, "काका, नाव जुळत नाही."

रेशनकार्डावर भागीरथी, आधारवर भागीबाई. आधारचा अर्ज कोणी भरला होता? मीच. शिबिरात गर्दी होती, गाव जे नाव घेतं तेच मी सांगून टाकलं. जन्मतारीखही अशीच. साल अंदाजे सांगितलं आणि कार्डावर १ जानेवारी पडली.

मी त्या मुलीवर चिडलो, हे कबूल करतो. पण तिने शांतपणे समजावलं. संगणक माणसाला ओळखत नाही, तो एक कागद दुसऱ्या कागदाशी ताडून बघतो. आधारच्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा तर नुसता ताळ्यासाठीच असतो. व्हरहूफ नावाच्या डच गणित्याने १९६९ साली ही रीत काढली. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर ती चूक सापडतेच. (आमच्या गुरुजींचा ताळा इथेच फसायचा.) नावाचं मात्र असं गणित नाही. न जुळलेलं नाव माणसाकडे जातं, तो कागद बघून हो किंवा नाही म्हणतो.

त्यात दोन दिवस गेले. आई पायाला वजन लावून पडून होती. ती कण्हली की मला वाटे, आपलं अक्षरच तिला दुखतंय.

नावाचं मिटलं. मग ऑपरेशनाच्या मंजुरीचा अर्ज भरला गेला आणि संगणकाने तो मुकाट घेतला. सही करण्याआधी मी सवयीने आईला मोठ्याने वाचून दाखवला. "डाव्या पायाचा खुबा..." आई डोळे मिटून होती. तशीच म्हणाली, "डावा नाय रे, उजवा मोडलाय."

माझ्या अंगावर काटा आला. फोटो उजव्या पायाचा होता, डॉक्टरांनी पुढे तो बघितला असताच. पण संगणकाला काय? डावा पायही मोडू शकतो, उजवाही. बाईच्या नावावर पुरुषाचा आजार लिहिला, तर तो लगेच अडवतो. एकाच रुग्णाचा तोच क्लेम दोनदा आला, तर पकडतो. आईचा क्लेमसुद्धा नंतर एकदा परत आला, कारण घरी सोडल्याची तारीख भरतीच्या तारखेच्या आधीची पडली होती. आम्हांला त्याची तोशीस लागली नाही, इस्पितळाने तारीख सुधारून पुन्हा पाठवला. हे सगळं तो आपल्यापेक्षा चोख करतो. पण डाव्या-उजव्याचा ताळा आईच्याच जवळ होता.

आणि जे तपासायला सांगितलेलं नाही, ते तो तपासत नाही. महालेखापरीक्षकांनी २०२३ साली आयुष्मान भारतवर अहवाल दिला. त्यात ७,४९,८२० लाभार्थी एकाच मोबाईल क्रमांकाला जोडलेले निघाले, सगळे नऊच नऊ असलेल्या. मोबाईलवरून पात्रता ठरत नाही, असा सरकारचा खुलासा आला. तो खरा धरला तरी, आमच्या सोसायटीच्या सचिवाने असं खातं लिहिलं असतं, तर गावाने त्याला चावडीवर उभं केलं असतं. उपचारांत मृत्यूची नोंद झालेल्यांच्या नावावर पुढे पुन्हा उपचार दाखवलेलेही त्यात सापडले. असो.

आई आता काठी घेऊन मांडवावरचे बोंबील उलटवायला जाते. घरातले सगळे कागद काढून मी ओट्यावर मांडले, तर सहा माणसांत चौघांची नावं कुठे ना कुठे वेगळी. तुमच्याकडेही सातबाऱ्यावर एक, आधारवर एक असेलच, एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. आईचं आधार दुरुस्त करून भागीरथी करून घ्यावं म्हणून मी अर्ज आणला, तर तिने तो बाजूला सारला.

"भागीरथी मला कोणी म्हटलंय का कधी? तुझा बाप भागीबाई म्हणायचा. ते रेशनकार्डच बदल."

डहाणूला तहसील कचेरीत अर्ज दिला आहे.