सूर्यदाराची वाट

चाक ज्यांना ठाऊक नव्हते अशा लोकांनी रस्ते कशासाठी बांधावेत? आणि तेही थोडेथोडके नव्हेत, तीस हजार किलोमीटरांहून अधिक! दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेला अँडीज पर्वताची जी प्रचंड भिंत उभी आहे, तिच्या अंगाखांद्यांवरून इंका लोकांनी पंधराव्या शतकात आणि सोळाव्याच्या आरंभी हे जाळे विणले. आजच्या कोलंबियापासून थेट चिली-अर्जेंटिनापर्यंत ते पसरले होते. २०१४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा सहा देशांनी मिळून ते नाव पुढे केले होते.

या लोकांजवळ घोडा नव्हता, लोखंड नव्हते, आणि आपण जिला लिपी म्हणतो तीही नव्हती. दोऱ्यांना गाठी मारून ते हिशेब ठेवीत. ओझ्याला एकच जनावर, ते म्हणजे लामा. उंटाच्या कुळातला, पण लहानखुरा. पंचवीस-तीस किलोंच्या वर तो वाहत नाही. जास्त लादले तर खाली बसतो आणि उठवायला जावे तर तोंडावर थुंकतो. बाकी सारा भार माणसाच्या पाठीवर. त्यामुळे या रस्त्यांना चढ लागला की पुष्कळदा वळसा नाहीच, सरळ दगडी पायऱ्या.

त्यातला सुमारे ४३ किलोमीटरांचा एक तुकडा पेरू देशात, कुस्को शहराच्या वायव्येला आहे. उरुबांबा नदीच्या खोऱ्यातून निघून तीन खिंडी ओलांडीत तो माचू पिचूच्या अवशेषांपाशी उतरतो. चार दिवसांची ही पायपीट मी आणि सौ.ने मे महिन्याच्या सुट्टीत केली. आगगाडीने आणि बसने माचू पिचूला आरामात जाता येते, हे आम्हांला ठाऊक होते. निघण्यापूर्वी निम्म्या नातलगांनी ते पुन्हा पुन्हा सांगितलेही होते.

मनात आले आणि निघालो, असे या वाटेवर चालत नाही. परवाना कित्येक महिने आधी घ्यावा लागतो, तो पारपत्राच्या नावावर निघतो, आणि परवानाधारक वाटाड्याखेरीज कुणालाही आत सोडत नाहीत. रोज जास्तीत जास्त पाचशे माणसे, आणि त्यांत प्रवासी दोनशेच्या आसपास. बाकीचे वाटाडे, स्वयंपाकी आणि हमाल. म्हणजे एका प्रवाशामागे दीड माणूस! फेब्रुवारीत, ऐन पावसाळ्यात, वाट महिनाभर दुरुस्तीसाठी बंद असते. मे ते सप्टेंबर हे कोरडे दिवस. पण रात्री थंडी अशी की पाण्याच्या बाटलीला हात लावू नये.

कुस्को हेच मुळी ३,४०० मीटर उंचीवर आहे. तिथे पहिले दोन दिवस तरी काढावेत. डोके जड होते, जिन्याच्या दहा पायऱ्यांनी धाप लागते. हॉटेलात शिरताच कोकाच्या पानांचा चहा पुढे येतो. इंकांच्या या राजधानीत स्पॅनिश लोकांनी देवळे पाडली, पण पाया तसाच ठेवून वर चर्चे उभारली. १९५० च्या भूकंपात वरच्या इमारतींची पडझड झाली आणि सूर्यमंदिराच्या जुन्या भिंती, ज्यांत चुना नाही की माती नाही, जशाच्या तशा उघड्या पडल्या. भिंतीच्या सांध्यात सुरीचे पाते जात नाही असे सगळी प्रवासवर्णने सांगतात. सौ.ने नखाने प्रयत्न करून पाहिला. नखही गेले नाही.

वाट सुरू होते ती आगगाडीच्या रुळांवरच्या ८२ व्या किलोमीटरापाशी. गावाचे नाव पिस्काकुचो, पण सगळे त्याला नुसते 'ब्याऐंशी' म्हणतात. येथे पारपत्रे तपासतात आणि येथेच एक तराजू आहे. एकेक हमाल आपले गाठोडे त्यावर ठेवतो, शिपाई आकडा लिहितो. वीस किलोंच्या वर असेल तर आत जाता येत नाही. आम्हां आठ प्रवाशांसाठी तेरा हमाल होते. तंबू, भांडी, गॅसचे नळकांडे, खुर्च्या, चार दिवसांचे अन्न, अंडीसुद्धा! या वाटेवर आता ओझ्याची जनावरे नेऊ देत नाहीत, खुरांनी जुने दगड उखडतात म्हणून. लामालाही जे काम आता वर्ज्य, ते माणूस करतो.

हा तराजू आला २००१ च्या कायद्यामुळे. त्याआधी चाळीस-चाळीस किलोंहून अधिक ओझी पाठीवर चढत, आणि विचारणारे कुणी नव्हते. कायदा झाला हे खरे. पण तराजूच्या पलीकडचे पुष्कळ काही अजून ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे. आमचे जेवण उरकेपर्यंत हमाल बाहेर थंडीत ताटकळत आणि आमच्या खुर्च्या उचलल्यावर त्याच तंबूत दाटीवाटीने झोपत. कुठल्या कंपनीबरोबर जावे, असे मला पुढे अनेकांनी विचारले. मी सांगतो, जेवणात काय देता हे विचारू नका. हमालांना झोपायला वेगळा तंबू आहे का आणि खाली अंथरायला काही आहे का, एवढे आधी विचारा.

पहिला दिवस सोपा. नदीवरचा पूल ओलांडला की निवडुंगांतून वाट जाते. दुपारी खालच्या वळणावर पाताल्याक्ता हे जुने गाव दिसते, डोंगरउतारावर बांधबंदिस्तीच्या पायऱ्या एकीखाली एक, जणू कुणी उतार दुमडून ठेवला आहे. रात्रीचा मुक्काम वायाबांबाला. यापुढे वस्ती नाही.

त्या रात्री आमच्या वाटाड्याशी भाषेवर बोलणे निघाले. तो केचुआ मातृभाषेचा, शाळा स्पॅनिशमधून शिकलेला, धंद्यापुरते इंग्रजी चांगले येणारा. केचुआ ही इंकांची राज्यभाषा आणि आजही लाखोंची घरची बोली. मी मराठीचा मास्तर, म्हणून सवयीप्रमाणे सर्वनामे विचारली. तो म्हणाला, "आमच्यात 'वुई' दोन आहेत, साहेबांना चमत्कारिक वाटेल." एक न्योकान्चिस, म्हणजे मी आणि तुम्हीही, दुसरे न्योकायकू, म्हणजे आम्ही, तुम्हांला सोडून. मी उठून उभाच राहिलो. अहो, हे तर आपले 'आपण' आणि 'आम्ही'! इंग्रजीला हा भेद नाही, स्पॅनिशला नाही, हिंदीच्या 'हम'लाही नाही. मराठीत तो द्राविड शेजाऱ्यांच्या सहवासाने आला असे मानतात. अर्ध्या पृथ्वीपलीकडच्या डोंगरात तो असा भेटावा! वाटाड्याला मराठी शब्द सांगितले, तेव्हा त्याने ते हमालांना ओरडून सांगितले आणि चुलीपाशी हशा पिकला. त्यानंतर सौ.ला ते 'मामिता' म्हणू लागले. शब्दशः छोटी आई. तेरांपैकी दोघे तरी माझ्याहून वयाने मोठे असतील.

दुसरा दिवस मात्र हाडे मोजणारा. वार्मिवान्युस्का, म्हणजे मेलेल्या बाईची खिंड, ४,२१५ मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. तिच्या अडीच पटींहून जास्त. नाव भीतिदायक असले तरी कथा साधी आहे. खालच्या खोऱ्यातून कडा पाहिला तर उताणी निजलेली बाई दिसते. माहुलीच्या सुळक्यांत आपल्याला नवरा-नवरी दिसतात, त्यातलाच प्रकार. पायऱ्या संपत नाहीत. हवा इतकी विरळ की प्राणवायू समुद्रकाठच्या साठ टक्केच पदरात पडतो. वीस पावले, थांबा; पंधरा पावले, थांबा. आणि शेजारून पाठीवर निळे गाठोडे, पायांत मोटारीच्या टायरच्या चपला, गालात कोकाच्या पानांचा गोळा, असे आमचे हमाल धावत वर जात होते. होय, धावत. आम्ही पोचायच्या आत तंबू उभे आणि पाणी उकळलेले हवे ना! जुन्या काळी याच रस्त्यांवर चास्की नावाचे निरोपे एकाकडून दुसऱ्याकडे निरोप देत असेच पळत. खिंडीत पोचलो तेव्हा वाऱ्याने उभे राहवेना. मागे बर्फाची शिखरे, पुढे ढग. फोटो काढला आणि उतरायला लागलो.

हे रस्ते, ही गावे ज्या श्रमांतून उठली त्याला इंका राज्यात 'मिता' म्हणत. कर पैशात नव्हता, पाळीपाळीने राबण्यात होता. आपण त्याला वेठ म्हणू; पण राबणाऱ्याला जेवण, मक्याची दारू आणि कापड राज्याकडून मिळे, हेही सांगितले पाहिजे. पुढे स्पॅनिश अमदानीत शब्द तोच राहिला आणि माणसे पोतोसीच्या चांदीच्या खाणींत जाऊ लागली.

जेवणात बटाटा रोज, आणि रोज निराळा. पिवळा, जांभळा, आतून लाल रेषा असलेला. पेरूत बटाट्याच्या तीन हजारांवर जाती आहेत. म्हातारा हमाल वाटाड्यामार्फत सौ.ला विचारता झाला, तुमच्याकडे किती जाती? सौ. म्हणाली, "दोन. नवा आणि जुना." त्याला तिची फार कीव आली. मग मी आमच्या उपवासाचे सांगितले. बटाटा अँडीजचा; साबुदाणा ज्या कंदाचा आपण करतो तो, आणि भुईमूगही, दक्षिण अमेरिकेचे; मिरची, रताळे, झालेच तर राजगिरा, सगळे त्याच खंडांतले. एकादशीला आपण ताटात जे घेतो त्यातले जवळजवळ सारे कोलंबसापूर्वी आपल्या आजोबा-पणजोबांच्या पणजोबांनी पाहिलेही नव्हते. साबुदाण्याच्या खिचडीइतका दक्षिण अमेरिकन पदार्थ पेरूतही मला मिळाला नाही.

तिसरा दिवस सर्वांत सुंदर. बर्फाचे प्रदेश संपून ढगांतले जंगल लागते. शेवाळ, बांबू, ऑर्किडे. मूळचे दगड इथेच सर्वांत जास्त शाबूत आहेत. कड्याच्या टोकावरचे सायाक्मार्का, मग खडकातून कोरलेला भुयारी मार्ग, मग फुयुपातामार्का, म्हणजे ढगांवरचे गाव. नाव ठेवणाऱ्याने खोटे काही सांगितलेले नाही. खाली सगळा कापूस आणि आपण वर. संध्याकाळी विन्याय वायना, सदा तरुण. हे नाव इथल्या एका ऑर्किडचे. तीव्र उतारावर अर्धगोल बांधांच्या ओळी आणि त्यांच्या कडेने एकाखाली एक पाणी पडणारी दगडी कुंडे. लोक माचू पिचूचे गोडवे गातात. मला विचाराल तर या चिमुकल्या जागेवर माझे मन अधिक जडले.

त्या रात्री निरोप झाला. पहाटे हमाल पलीकडच्या वाटेने थेट रुळांवर उतरतात, त्यांना त्यांच्या स्वस्त गाडीने परतायचे असते. सूर्यदार त्यांच्या वाटेवर येत नाही. वाटाड्या म्हणाला, यांच्यातल्या काहींनी इतक्या खेपा करूनही माचू पिचू आतून पाहिलेले नाही. रांगेत उभे राहून त्यांनी एकेक करून आपले गाव सांगितले. मग तो म्हातारा बोलला. भाषांतर यायच्या आधीच मी सर्वनामाकडे कान लावून होतो. न्योकायकू, न्योकायकू. आम्ही आणले, आम्ही रांधले, आम्ही उद्या परत जातो. शेवटी एकदाच न्योकान्चिस आले. मी वाटाड्याला विचारले, तिथे काय म्हणाला? वाटाड्या म्हणाला, "म्हणाला की आपले नशीब, पाऊस पडला नाही." बक्षिसीची पाकिटे आम्ही आदल्या रात्रीच भरून ठेवली होती. ती दिली. सौ.ने आपले लोकरीचे हातमोजे त्याला दिले, ते त्याने खिशात घातले. हातात घातले नाहीत.

साडेपाचला फाटक उघडले. तासाभराने एक अगदी उभी पायरवाट हातापायांनी चढलो आणि इंतिपुंकूत, सूर्यदारात, उभे राहिलो. धुके होते. वीस मिनिटे काही दिसले नाही. मग ते एका बाजूने फाटले आणि खाली, दोन शिखरांच्या मधल्या खोगिरावर, ते छायाचित्रांत हजारदा पाहिलेले शहर होते. त्याचे वर्णन मी करणार नाही. ज्याला हवे त्याने दिनदर्शिकेतले चित्र पाहावे. मला अधिक कौतुक वाटले ते पाण्याचे. वरच्या डोंगरातल्या झऱ्यापासून ७४९ मीटर लांबीची दगडी पाट काढून सोळा कुंड्यांतून ते उतरवले आहे. पावसाचे पाणी मुरावे म्हणून जमिनीखाली जे दगडगोट्यांचे थर घातले आहेत, ते कुणाला दिसतही नाहीत. पाचाकुती राजाच्या काळचे हे गाव इतक्या पावसांत टिकले ते त्यांच्या जोरावर.

'हरवलेले शहर' हा शब्द इथे फार ऐकू येतो. तो खरा नाही. २४ जुलै १९११ रोजी येल विद्यापीठाचा हायरम बिंगहॅम इथे आला, तो खालच्या मेल्चोर आर्तेआगा या शेतकऱ्याने वाट दाखवली म्हणून. त्यासाठी त्याला एक सोल द्यायचे ठरले होते. वर शेतकऱ्यांची कुटुंबे जुन्या बांधांवर पीक काढून राहतच होती, आणि पुढची वाट एका लहान मुलाने दाखवली. भिंतीवर आगुस्तीन लिझारागा याचे नाव आणि १९०२ हे साल कोळशाने लिहिलेले बिंगहॅमला आढळले. ते पुढे पुसले गेले. वस्तू येलला गेल्या त्या पेरूला परत मिळायला २०११-१२ साल उजाडले. आणि बिंगहॅम मरेपर्यंत हेच इंकांचे शेवटचे ठाणे विल्काबांबा असे समजत राहिला. खरे विल्काबांबा त्याने त्याच वर्षी पाहिले होते आणि झाडीतले किरकोळ अवशेष म्हणून सोडून दिले होते.

दुपारी खाली उतरायला बस मिळाली. वळणावळणांचा आठेक किलोमीटरांचा तो रस्ता १९४८ मध्ये सुरू झाला, आणि त्याला बिंगहॅमचे नाव आहे. खिडकीतून सौ.ने ओळखीची निळी गाठोडी दिसतात का पाहिले. गावात पोचलो तेव्हा त्यांची गाडी जाऊन बरेच तास झाले होते.