परसबागेतले टोमॅटो आणि चौथीचा वर्ग

आमच्या साताऱ्याकडे जुनी माणसं टोमॅटोला तांबाटी म्हणतात, पोरं टमाटं म्हणतात. विदर्भात गेलात तर भेदरं. काही ठिकाणी वेलवांगी असंही नाव आहे आणि मला विचाराल तर सगळ्यात हुशार नाव तेच. टोमॅटो आणि वांगं एकाच कुळातले. परिसर अभ्यासाच्या तासाला मी दोन्हींची फुलं शेजारी शेजारी ठेवते. एक पिवळं, एक जांभळं, पण ठेवण तीच. चौथीची मुलं लगेच म्हणतात, "मॅडम, ही चुलत भावंडं." ही भाजी मूळची दक्षिण अमेरिकेकडची आणि पोर्तुगीजांमुळे आपल्याकडे आली, हे मात्र त्यांना सांगूनही पटत नाही. "मग आधी आमटीत काय घालायचे?" चिंच आणि आमसूल, बाळांनो.

घरामागे माझी दहा बाय बारा फुटांची परसबाग आहे. गणपती गेले की मी वाफ्यात देशी बी टाकते आणि दसऱ्याच्या आसपास बारा रोपं लावते. खड्ड्यात कुजलेलं शेणखत आणि ओंजळभर राख. रोप लावताना ते जरा खोलवर, खालची पानं काढून लावायचं, कारण टोमॅटोच्या खोडालाही मुळ्या फुटतात. बुडाशी उसाचं पाचट पसरायचं. आपल्या भागात पाचटाला काय तोटा! पण त्याचं काम मोठं असतं. ओल टिकते. पाणी एक दिवस भरपूर आणि चार दिवस नाही असं झालं की फळाचं बूड काळं पडतं किंवा साल तडकते. मग लोक औषधाच्या दुकानात धावतात.

रोप गुडघ्याएवढं झालं की काठी आणि सुतळी. पान आणि खोडाच्या बेचक्यात फुटणारी बगलफूट खुडायला मी मुलांना रविवारी घरी बोलावते. खुडून झालं की हात हिरवे-काळे होतात आणि तो उग्र वास साबणानंही लवकर जात नाही. एका आईने निरोप पाठवला होता, "मॅडम, अभ्यास घ्या, शेतातली कामं आम्ही घरी शिकवतो." मला राग आला नाही. त्या बाई उन्हातान्हात राबतात, त्यांना पोरगं त्यातून बाहेर पडावं असं वाटतं. पुढच्या रविवारी मी त्यांनाच चहाला बोलावलं. सुतळीची गाठ खोडाला काचू नये म्हणून आठाच्या आकड्यात कशी बांधायची, हे त्यांनी सगळ्यांना दाखवलं. मला ती येत नव्हती.

फुलांचा भाग मुलांना सगळ्यात आवडतो. टोमॅटोचा पराग एका नळीत बंद असतो आणि हलवल्याशिवाय सांडत नाही. बरंचसं काम वारा करतो. भुंगा फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवतो, तसा पराग बाहेर पडतो. मधमाशीला हे जमत नाही. सकाळी मुलं बोटाने फुलांच्या देठाला हळूच टिचकी मारतात आणि "मी भुंगा" म्हणत फिरतात. पुस्तकातला 'परागीभवन' हा शब्द एवढा सोपा मी कधी करू शकले नसते.

डिसेंबरच्या मध्यावर पहिलं फळ पिकतं. पूर्ण लाल, हाताला ऊनऊन लागणारं. ते धुऊन, चिमूटभर मीठ लावून तिथंच उभ्याने खायचं. मग मी पाच वाक्यं लिहायला सांगते आणि 'छान' हा शब्द बंद करते. हा उपाय करून बघा, निबंधलेखनाच्या दहा तासांचं काम एका फोडीत होतं. एकाने लिहिलं, "आधी आंबट लागलं, मग गोड, मग पानांचा वास आला." एवढं नेमकं वाक्य माझ्याही वहीत नाही.

बाजारातल्या टोमॅटोला ही चव का नसते, असं मुलं विचारतातच. सातारा ते वाशी मार्केट अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पिकलेलं फळ तिथं पोचेपर्यंत रस होईल. म्हणून गुलाबी डाग पडला की तोडा करतात, आणि वाणही जाड सालीचे, टिकणारे निवडतात. शिवाय कच्चेपणी देठाजवळ गडद हिरवा खांदा नसलेली, एकसारखी दिसणारी फळं लोकांना हवीत म्हणून वर्षानुवर्षं तशीच निवड झाली. २०१२ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की त्या निवडीत साखर तयार करायला मदत करणारा गुणच हरवला. उरलीसुरली चव आपण फ्रिजमध्ये घालवतो. टोमॅटो परडीतच ठेवावेत.

पण हे शिकवताना जीभ जपावी लागते. वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचं एकरभर टोमॅटो आहे. ती सहज म्हणाली, "आमच्यात टमाटं खायाला नसत्यात, घालायला असत्यात." मार्केटला घालायला. फवारा असतो म्हणून आई झाडावरचं तोडू देत नाही. घरात येतात ते फुटके, परत आलेले. झाडावर पिकलेलं टोमॅटो तिने पहिल्यांदा माझ्या परसात खाल्लं.

त्या आठवड्यात मी गणित तिच्याच शेतावर घातलं. एका क्रेटमध्ये २० किलो, क्रेट ५०, भाव किलोला ४ रुपये. ४००० रुपये मुलांनी पटकन काढले. मग खर्च त्यांनीच सांगितला: तोडणीची मजुरी, टेम्पोचं भाडं, हमाली, तोलाई, औषधं, बांबू, तार, सुतळी. घरी ऐकलेले आकडे. बेरीज चार हजारांच्या वर गेली. "मॅडम, वजाबाकी होत नाही, वरची संख्या लहान आहे," एक जण म्हणाला. ती मुलगी म्हणाली, "उसनं घ्यायला लागतंय." वजाबाकीतलं उसनं की दुसरं, ते मी विचारलं नाही.

भाव असाच असतो. २०२३ च्या मे महिन्यात राज्यात कितीतरी शेतकऱ्यांनी टोमॅटो फेकून दिले. जुलैत किरकोळ भाव शंभराच्या वर गेला आणि पालक मला म्हणाले, "मॅडम, तुमची मजा आहे." माझ्याकडे तेव्हा झाडंच नव्हती. सप्टेंबर संपेपर्यंत भाव पुन्हा मातीत. बारा रोपांनी कुणाचा संसार चालत नाही, हे मी मुलांपासून लपवत नाही.

सासूबाई शेवटच्या हिरव्या टोमॅटोंची लसूण, हिरवी मिरची आणि शेंगदाणे घालून चटणी करतात. सगळ्यात चांगलं फळ मात्र खायचं नाही, बियांसाठी ठेवायचं. गर पेल्यात दोन दिवस ठेवला की बियांवरचा बुळबुळीतपणा जातो. मग धुऊन सावलीत वाळवायच्या. संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षी तसंच उगवत नाही, देशीचं उगवतं.

मागच्या पालक सभेत मुलांनी वहीच्या कागदाच्या पुड्या करून वाटल्या. त्या मुलीचे वडील मार्केटवरून थेट आले होते, खिशात दलालाची पट्टी. पट्टीच्या घडीत त्यांनी पुडी ठेवली. "बांधाला चार लावतो पोरीला," म्हणाले. फवारा तिथवर उडणार नाही अशी जागा कुठली, हे बापलेक व्हरांड्यात उभं राहून ठरवायला लागले. विहिरीकडची की गोठ्यामागची, एवढाच वाद होता.