अनोळखी हातातलं लाल पेन

२०२१ साली कोरोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली आणि आम्हा शिक्षकांचं काम मात्र वाढलं. परीक्षा नसली तरी निकाल लावायचाच होता. मे महिन्याच्या अखेरीस शासनाचं सूत्र आलं. प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी ५० नववीच्या निकालावरून, ३० दहावीच्या वर्षभरातल्या लेखी कामावरून आणि २० तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ अशा अंतर्गत मूल्यमापनावरून. मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची निकाल समिती नेमायची होती. मी एका तालुक्याच्या गावातल्या अनुदानित शाळेत गणित शिकवतो. त्या सातांत माझंही नाव आलं.

कागदावर सूत्र नीटनेटकं होतं. पण आमच्याकडे निम्मी मुलं वाड्यावस्त्यांवरून येतात आणि ‘नववीत काय, दहावीत बघू’ हे त्या घरांतलं ठरलेलं वेळापत्रक असतं. नववीत पोरं कबड्डी खेळतात, उसाच्या लागणीला जातात, आणि दहावीची दिवाळी सरली की मान मोडून बसतात. त्यातून या तुकडीची नववीची वार्षिक परीक्षाही झालेली नव्हती. मार्च २०२०मध्ये शाळा बंद पडल्या आणि दुसरं सत्र परीक्षेविनाच गेलं. म्हणजे दहावीचे निम्मे गुण ठरणार होते ते पावणेदोन वर्षांपूर्वीच्या पहिल्या सत्राच्या जोरावर. दहावीच्या ३० गुणांसाठी आमच्याकडे काय होतं? काही चाचण्या आणि व्हॉट्सॲपवर आलेले वह्यांचे फोटो. त्यातले काही इतके अंधुक की वर्गमुळाचं चिन्ह कुठं संपतं ते कळेना, तर काहींत अक्षर सरळसरळ थोरल्या बहिणीचं.

एक पालक शेतातून थेट शाळेत आले. म्हणाले, “सर, पोरगं औंदा रात्र रात्र बसत हुतं. तुमी त्याचं मागलंच धरताय व्हय?”

मी त्यांना सूत्र समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

समितीच्या बैठका लांबायच्या त्या आकडेमोडीमुळे नव्हे. आम्ही सगळे त्या मुलांना फार ओळखत होतो. एखादं नाव पुकारलं की गुणांआधी त्या मुलाची कुंडलीच बाहेर पडायची. हा वर्गात उलट बोलतो. हिचे वडील गेल्या लाटेत वारले. याचा भाऊ आपल्याच शाळेतून पहिला आला होता. खोटेपणा कुणीच केला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. पण ज्या २० गुणांना मोजपट्टीच नाही, तिथं ओळख बोलणारच. गरीब, नम्र, वह्या नीट ठेवणाऱ्या मुलांना त्या ओळखीचा फायदा झाला, याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते तोंडाळ पोरांचं. त्यांना मार्चमध्ये आमच्या मताला खोटं पाडायची एक संधी असते. त्या वर्षी ती मिळाली नाही.

मी बरीच वर्षं बोर्डाचे पेपर तपासत आलोय. कुठल्याशा केंद्राचा गठ्ठा येतो. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, बारकोड असतो. समोर असतं ते फक्त अक्षर आणि गणित. भूमितीच्या सिद्धतेत पक्ष, साध्य नीट लिहिलंय, आकृती बरोबर आहे, पुढे गाडी अडली, तर तेवढ्या पायऱ्यांचे गुण द्यायचे. ते मूल गोरं की काळं, उद्धट की गरीब, मला ठाऊक नसतं आणि ठाऊक करून घ्यायची सोयही नसते. वर नियामक बसलेला असतोच, माझा हात सैल सुटला की तो ओढून धरणारा. अंतिम परीक्षेचा एवढा एक गुण मला पुरेसा वाटतो: जो तुम्हाला ओळखत नाही अशा माणसापुढे एकदा उभं राहायला मिळतं.

शाळेच्या हातातल्या गुणांचं काय होतं, ते २०१९ साली राज्याने पाहिलं होतं. भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे २० गुण त्या वर्षी काढून टाकले. अभ्यासक्रमही नवा होता. आदल्या वर्षीचा ८९.४१ टक्के निकाल ७७.१० वर घसरला. मोठी ओरड झाली, गुण परत आले आणि २०२०चा निकाल ९५.३० टक्के लागला. वर्षभरात मुलं एवढी सुधारली असं आमच्या स्टाफरूममध्येही कुणी म्हणालं नाही.

२०२१चा निकाल १६ जुलैला लागला, ९९.९५ टक्के. संकेतस्थळ कोलमडलं, पेढे मात्र वाटले गेले. पण पुढची पंचाईत लगेच उभी राहिली. एवढ्या सगळ्या टक्केवाल्यांतून अकरावीला कुणाला कुठे घ्यायचं? मग २१ ऑगस्टला सीईटी ठरली, म्हणजे एक परीक्षा रद्द करून दुसरी आणली. तीही उच्च न्यायालयाने रद्द ठरवली. शेवटी प्रवेश त्याच टक्क्यांवर झाले.

म्हणून मार्चची परीक्षा धुतल्या तांदळासारखी आहे असं नव्हे. केंद्राच्या भिंतीवर चढून चिठ्ठ्या फेकणारे काका-मामा मी पाहिलेत, आणि भरारी पथकाची जीप वळणावर दिसताच पसार होणारेही. वर्षभर वर्गात पुढे असलेल्या मुलीला बीजगणिताच्या पेपरआधी उलट्या होताना पाहिलंय. सगळं आयुष्य दोन तासांच्या पेपरला टांगणं क्रूरच आहे. पण त्यावर उपाय म्हणून सगळा निवाडा शिकवणाऱ्याच्याच हाती द्यायचा, हे मला पटत नाही. परीक्षेचं वजन हवं तर कमी करा, दुसरी संधी द्या, तोंडी परीक्षेलाही बाहेरचा माणूस बसवा. अनोळखी नजर तेवढी काढून घेऊ नका.

बोर्डाचे नियम माझ्या हातात नाहीत. पूर्वपरीक्षा मात्र शाळेची असते. शेजारच्या गावच्या शाळेत माझा एक मित्र गणितच शिकवतो. आता पूर्वपरीक्षेला आम्ही गठ्ठे बदलतो. नावावर कागद चिकटवून माझ्या मुलांचे पेपर त्याच्याकडे, त्याच्या मुलांचे माझ्याकडे. पहिल्याच खेपेला माझ्या दोन-तीन लाडक्या हुशारांचे गुण खाली आले आणि मागच्या बाकावरची एक मुलगी त्यांच्या पुढे गेली. हुशारांपैकी एकाची आई भांडायला आली. तिला मी पेपर दाखवला, तेव्हा ती त्या मित्राचा पत्ता मागू लागली.

इंग्रजीच्या बाईही यंदापासून गठ्ठा बदलायला तयार झाल्यात. मराठीचे सर काही केल्या ऐकत नाहीत. त्यांचं म्हणणं, निबंध तपासायचा तर लिहिणारा माहीत असला पाहिजे. मधल्या सुट्टीत आमचा यावरून वाद होतो आणि घंटा झाली की अर्धवट राहतो.