बाय हूम?

आमच्या होस्टेलच्या नोटीस बोर्डावर कायम एक तरी असा कागद असतोच : 'सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, गरम पाणी बंद करण्यात आले आहे.' कोणी बंद केलं, ते नाही. (रेक्टर सर, रागावू नका, उदाहरण आहे फक्त!) थर्ड इयरपर्यंत मला ही भाषा फार भारदस्त वाटायची. इंग्रजी रिपोर्टही असाच लिहायचा असतो, म्हणजे सगळा पॅसिव्ह व्हॉइसमध्ये, हे ज्ञान सिनियर्सच्या जर्नलांमधून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलंय.

मी मराठी माध्यमाचा. शाळेत 'चेंज द व्हॉइस' म्हणजे हक्काचे मार्क. कर्म उचलून पुढे ठेवायचं, 'वॉज' घालायचं, शेवटी 'बाय'. 'राम किल्ड रावण'चं 'रावण वॉज किल्ड बाय राम'. ३ शब्दांचे ५ झाले आणि रावण मेला तो मेलाच. मग हा उद्योग कशासाठी, हे विचारायचं कधी सुचलंच नाही.

थर्ड इयरला आमचा मिनी प्रोजेक्ट होता, टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणारा. ८०५१ घराण्यातला मायक्रोकंट्रोलर. डेमोच्या आदल्या रात्री २ वाजता मी झोपेच्या भरात ७८०५ रेग्युलेटरला वळसा घालून वायर जोडली आणि ५ व्होल्टच्या आयसीला १२ व्होल्ट दिले. वास आला. पार्टनर चहा प्यायला गेला होता. तो आल्यावर मी म्हटलं, "अरे, आयसी उडाला." उडाला! जशी काही चिमणीच.

डेमो बोंबलला. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'ड्यू टू द ॲप्लिकेशन ऑफ एक्सेस व्होल्टेज, डॅमेज वॉज कॉज्ड टू द मायक्रोकंट्रोलर.' मोजून १३ शब्द, आणि त्यात माणूस एकही नाही. गाईड सरांनी लाल पेनाने खाली लिहिलं, 'बाय हूम?' मग पार्टनरकडे बघून म्हणाले, "वायरिंग तुझं होतं ना रे?"

वायरिंग त्याचंच होतं. त्याला खरंच वाटत होतं की आपल्याच जोडणीत घोळ असणार. तो मान खाली घालून उभा राहिला. मीही गप्प. नवीन आयसीचे पैसेसुद्धा त्यानेच दिले.

सरांनी सगळा रिपोर्ट परत दिला. "निम्मा कर. प्रत्येक वाक्याला विचार, हे केलं कोणी? करणारा महत्त्वाचा असेल तर त्याला पुढे आण. नसेल तर पॅसिव्ह ठेव, पण मग 'बाय'चं शेपूट काप." त्या रात्री बसलो. 'इट वॉज ऑब्झर्व्ह्ड बाय अस दॅट द टेंपरेचर वॉज इन्क्रीज्ड बाय द हीटर', १३ शब्द. 'द हीटर रेज्ड द टेंपरेचर', ५ शब्द. उलटही निघालं. 'द लॅब असिस्टंट स्विच्ड ऑफ द मोटर'पेक्षा 'द मोटर वॉज स्विच्ड ऑफ' आखूड आणि बरं, कारण बटण कोणी दाबलं याच्याशी वाचणाऱ्याला काय करायचंय?

नंतर लायब्ररीत शोधलं, तर कॉर्नेलच्या विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ मध्येच हे सांगून ठेवलेलं : ॲक्टिव्ह वापरा, पण कधी कधी पॅसिव्हही लागतो. जॉर्ज ऑर्वेल १९४६ च्या निबंधात पॅसिव्हवर तुटून पडला, आणि गंमत म्हणजे ती तक्रार त्याने पॅसिव्हमध्येच केली. 'शास्त्रीय लिखाणात वुई चालत नाही' म्हणणाऱ्यांसाठी : वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएवरचा १९५३ चा पेपर 'वुई'नेच सुरू होतो.

शेवटी ते १३ शब्दांचं वाक्य उरलं. 'वुई अप्लाइड १२ व्होल्ट्स अँड बर्न्ट द मायक्रोकंट्रोलर.' ८ शब्द. झकास! पण 'वुई' म्हणजे कोण? लहानपणी कप फुटला की आई विचारायची, "फुटला, की फोडलास?" मी म्हणायचो, "माझ्याकडून फुटला." मराठीत ही एक सोय आहे. माणूस हजर, पण मुद्दाम केलं नाही एवढंही कळतं. इंग्रजीच्या 'बाय मी'मध्ये ती नाही. बराच वेळ पेन तसंच धरून बसलो. मग 'वुई' खोडून 'आय' लिहिलं.

सरांकडे नेण्याआधी कागद पार्टनरला दाखवला. त्याने दोनदा वाचला.

"म्हणजे माझं वायरिंग बरोबर होतं?"

"हो."

"आणि हे तू मला इंग्रजीतून सांगतोयस?"

दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मेसमध्ये समोर येऊन बसला आणि आयसीचे पैसे मागितले. दिले. सरांनी 'आय' भोवती लाल गोल केला, बाजूला लिहिलं, 'रिपोर्टमध्ये चालत नाही', आणि खाली, 'राहू दे'.